तुळसाच्या बादलीतली मासळी

कल्याण
सोमवार, १९ जानेवारी १९८७

चंदू,

हे पत्र आयचं नाही, माझं आहे, तुझ्या थोरल्या बहिणीचं. अक्षर तेच बघून फसू नकोस. गेली तीन वर्षं आय सांगते आणि मी लिहिते. ‘मालू, त्याला इचार जेवतो का. मालू, त्याला लिव, थंडीत कानाला बांध.’ मी निमूट लिहीत आले, माझा एक शब्द त्यात घातला नाही. तुला ते कळलेलं असणारच, तू काही बुद्दू नाहीस. बा गेला आणि तू आला नाहीस, त्या दिवसापासून मला तुझ्याशी बोलायचंच नव्हतं. अजूनही फारशी हौस नाही. पण आज काम पडलंय.

तुझं पत्र गेल्या मंगळवारी ठाण्याला आलं आणि आयने ते सहा दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं. सोमवारी कल्याणच्या बाजारात माझ्या मासळीच्या पाटीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून सोमवारीच मी चेंदणीच्या कोळीवाड्यात तिच्याकडे जाते. तोपर्यंत शेजारच्या कुणाकडून वाचून घेईल तर आपली आय नावाची दगडाबाई कसली. आज डब्याखालून काढून दिलं, पीठ झटकून.

काळुराम गेला हे वाचून आय रडली. तुमचा तो एवढा काळा-पांढरा देवमासा, ज्याला तिकडे किलर व्हेल म्हणतात, तो तिने डोळ्यांनी बघितला नाही, तरी घरातलं कुणी गेल्यासारखी रडली. दोघांना नावं तिनेच दिलेली ना, नर तो काळुराम आणि मादी ती तुळसा. तुमच्या कॅनडातल्या मत्स्यालयाच्या साहेबाने ठेवलेली नावं तिच्या जिभेवर बसत नाहीत आणि माझ्याही नाहीत.

आता तू लिहितोस की तुळसापण आठ दिवस जेवली नाही. डॉक्टर म्हणतो जोडीदार गेला म्हणून दुःख करते. असेल. पण तुझी एक ओळ मी तीनदा वाचली. ‘मासळी तोंडात घेते, जरा वेळ धरते आणि तळाला सोडून देते.’ चंदू, दुःखात असलेलं माणूस ताटावर येतच नाही. बा गेला तेव्हा आयला हाताला धरून बसवावं लागायचं. तू नव्हतास, म्हणून सांगते. ही तुझी तुळसा ताटावर येते, चव घेते आणि उठून जाते. हे दुःख नाही रे, हे गिऱ्हाईक आहे. तिला तुमची मासळी पसंत नाही.

तुझ्या त्या स्वयंपाकघरात जा, जिथे बादल्या भरतात. पहिलं, हातमोजे काढ. बर्फाच्या पाण्यात हातमोज्याने धरलेल्या मासळीचं काहीच कळत नाही. कल्ले उचलून बघ, लाल आहेत का विटकरी झालेत. पोट बोटाने दाब, खड्डा पडून तसाच राहिला तर फेक. पोटाच्या कडेला पिवळी झाक आली असेल तर ती मासळी एकदा वितळून पुन्हा गोठवलेली आहे, असं मी देवीची शपथ घेऊन सांगते. तुमची ती हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचीच बहीण. तेलकट मासळी, लगेच नासते.

तू कोळ्याचा पोर खरा, पण पुरुष. आपल्या पुरुषांना मासळी ठाऊक ती जाळ्यात फडफडणारी. होडीतून उतरली की ती बायकांची. दुपारी ती कशी दिसते, दुसऱ्या दिवशी कशी, तिसऱ्या दिवशी तिला ताजी म्हणून कोण कसं विकतं, ते आम्हालाच ठाऊक. बा एवढा दर्यातला माणूस, पण एकदा हौसेने बाजारातून घोळ मासळी घेऊन आलेला, आठवतं? आयने ती मांजरालापण घातली नाही.

पत्र पोचायला पंधरा दिवस लागतील आणि तोवर ती उपाशी राहील, म्हणून आधी तार करून आले. इंग्रजी माझ्या रतनने शाळेच्या वहीत लिहून दिलं. ‘फिश बॅड. चेक गिल्स. मालू.’ तारेवाल्याने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘बाई, मासळीची तक्रार कॅनडाला?’ म्हटलं, ‘हो, गिऱ्हाईक तिकडे आहे.’

इथून मला कसं कळलं ते विचारू नकोस. पंधरा वर्षं बाजारात बसते, तेवढं पुरे.

मालू


कल्याण
सोमवार, २ मार्च १९८७

चंदू,

तुझं पत्र आज आयला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिने शेजारच्या दोघींना बोलावून आणलं आणि मला मोठ्याने वाच म्हणाली.

‘तार बघून साहेब हसला. पण मी खाली गेलो आणि हातमोजे काढले. बाय, वरच्या खोक्यातली मासळी चांगली होती. पण बादलीत जात होती ती कालची. रोज उरलेली मासळी संध्याकाळी परत बर्फात टाकायची आणि सकाळी कोमट पाण्यात सोडवायची, ही इथली जुनी रीत. सगळे म्हणतात, नेहमी असंच करतो.’ हे वाचताना मला हसू आलं. ती कसली रीत, ती बाजारातली लबाडी आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे करणाऱ्याला ठाऊक असतं तो काय करतोय.

मग नव्या खोक्यातली पहिली बादली. तू लिहितोस, तुळसाने पहिली मासळी तोंडात घेतली, धरली, आणि तुम्ही सगळे काठावर श्वास रोखून उभे. ती खाली गेली. तळाला एक फेरी मारली. वर आली तेव्हा तोंड उघडं आणि रिकामं. मग दुसरी, मग मूठभर, मग बादलीच उलटी केली. नंतर तिने अंग असं टाकलं की हौदाचं पाणी काठावरून बाहेर आलं आणि तुझे बूट भरले. तू रडलास असं तू लिहिलं नाहीस, पण शाई पसरलेली मला दिसते.

आय म्हणाली, ‘जेवली माझी बाय.’ आणि उठून देवापुढे दिवा लावला, भर दुपारी.

तुला ठाऊक नाही, तुझा तो फोटो कुठे आहे. बा गेल्यावर चार महिन्यांनी पाठवलेलास तो. काठावर तू, पाण्यातून डोकं काढून तुळसा, मागे काळुरामचा तो पुरुषभर उंच पर, आणि अगदी पुढ्यात बादली. आयने तो देव्हाऱ्यात एकवीरेच्या शेजारी ठेवलाय. मी म्हटलं, ‘अगं आय, हा सील खाणारा मासा आहे, देवात कसला ठेवतेस?’ तर म्हणते, ‘देवमासा हाय तो. देवात नाय ठेवायचा तं कुठं ठेवायचा?’ रोज कुंकू लावते. हात थरथरतो तिचा, त्यामुळे एक ठिपका तुझ्या नाकावर गेलाय.

मी दर सोमवारी तो फोटो बघते.

एक सांगू? मी ह्या तुझ्या माशांचा राग करायची. नावसुद्धा नको वाटायचं. पण मागच्या रविवारी डोंबिवलीला नणंदेकडे गेलेली. तिच्याकडे रंगीत टीव्ही आलाय. त्यावर तुमचेच मासे दाखवत होते, मोकळ्या समुद्रातले. चहा हातात तसाच राहिला माझ्या. एक मादी आपल्या पिल्लाला सील धरायला शिकवत होती. सरळ किनाऱ्यावर, वाळूत. तिने त्याला ढकललं, ते वाळूत रुतलं, घाबरलं. तर ही एवढी अजस्र बाई स्वतः वाळूवर आली, अंगाने लाट केली आणि त्याला परत पाण्यात घेतलं. आणि लगेच पुन्हा ढकललं. मला आपली आय आठवली, मला पहिल्यांदा पाटी देऊन बाजारात बसवणारी. नणंद म्हणाली, ‘वहिनी, बसून बघा की.’ मी उभीच होते, मला कळलंच नाही.

काय जनावर आहे रे. बघताना छाती भरून येते. त्या काळ्या अंगावरचा तो पांढरा डाग, पाणी निथळताना रंग दिल्यासारखा चकचकीत. आणि तू त्यांना हाताने भरवतोस. तुझ्या पावलांचा आवाज ओळखून तुळसा काठाला येते, साहेब आला तर तळाला जाते, हे तू लिहिलंस तेव्हा मला खोटं वाटलेलं. आता नाही वाटत. फक्त एवढ्या मोठ्या दर्याची बाई तुमच्या हौदात काय करते, ते काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तुझ्या शिरत असेल तर लिही.

आणि हे बरं लिहिलंस, की त्यांच्यातला मुलगा जन्मभर आईला सोडत नाही, म्हातारा झाला तरी तिच्या बाजूने पोहतो. हे तू मला कळवतोस. दहा हजार मैलांवरून. शाबास.

मला इतक्या लांबून कसं कळलं, ते तू तरीही विचारलंस. आयच्या देव्हाऱ्याला विचार.

मालू


कल्याण
मंगळवार, ११ ऑगस्ट १९८७

चंदू,

परवा नारळी पौर्णिमा झाली. मी चेंदणीला गेलेली. खाडीत आता गाळ आणि कारखान्यांचं पाणी, पण नारळ सोडायला सगळी येतात. आपल्या आयने काय करावं? फोटो देव्हाऱ्यातून काढून ताटात घातला, बाजूला सोन्याचा कागद लावलेला नारळ, आणि मिरवत बंदरावर घेऊन आली. वर प्रत्येकीला सांगते, ‘माझ्या मालूने देवमासा वाचवला. तिकडच्या साहेबाने तिचं नाव भिंतीवर लावलंय.’ बायका माझ्या पाया पडायला लागल्या. सरस्वतीमावशी, सत्तर वर्षांची, ती वाकली. मी तिथून पळाले.

तुझ्या मे महिन्यातल्या पत्रात ते वाचलं तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी फळा, त्यावर मासळी कशी तपासायची ते एकाखाली एक, आणि वर ‘मालूची पद्धत’. साहेबांना सांग, तो फळा राहू दे, माझं नाव पुसून टाका.

कारण सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझा फोटो जून चौऱ्याऐंशीमध्ये आला. आयने पाकीट फोडून माझ्या हातात दिला. मी आधी तुझं तोंड बघितलं नाही. तुळसाला बघितलं नाही. पुढ्यातली बादली बघितली, सवयीने. डोळे आत गेलेले. दोन-तीन पोटं फुटलेली. कडेला पिवळं. फोटो मोठा होता, चांगला होता, सगळं दिसत होतं. ती मासळी कुणी माझ्या पाटीत टाकली असती तर मी पाटी त्याच्या अंगावर उलटी केली असती.

मला तेव्हाच कळलेलं, चंदू. यंदा जानेवारीत नाही. तेव्हाच.

आणि मी मनात म्हटलं, घाल शिळं. ज्याच्यासाठी बापाला खांदा द्यायला आला नाहीस, त्याला घाल शिळं. अगदी ह्याच शब्दांत म्हटलं. आय विचारत होती, काय लिवायचं? मी लिहिलं, ‘फोटो मिळाला. छान आहे.’

अडीच वर्षं काळुराम ते खात होता. तूच लिहायचास, तो गरीब आहे, पुढे येईल ते गिळतो, तुळसाच तेवढी चिकित्सा करते. तो आतड्याच्या दुखण्याने गेला असं डॉक्टर म्हणाला. मला डॉक्टरकी येत नाही. मासळी येते. तो ज्याने गेला ते मी दर सोमवारी देव्हाऱ्यात बघत होते, आय कुंकू लावत होती आणि मी हात जोडत होते. तुळसा जेवत नाही हे वाचलं तेव्हा मात्र मी उठले. तार करायला धावले ती शहाणपणाने नाही, घाबरून.

अजून एक आहे. हेही मीच दाबून ठेवलेलं.

बा अंथरुणावर असताना तुझी तार आली, ‘येऊ शकत नाही, तुळसा बाळंत होतेय, अडलीय.’ तू समजतोस ती बाने ऐकलीच नाही. ऐकली. शुद्धीवर होता तो. मीच वाचून दाखवली, मुद्दाम, त्याने तुला शिव्या घालाव्यात म्हणून. तो म्हणाला, ‘मंग तो बरोबर हाय. बाळंतिणीला सोडून येऊ नये.’ आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी तू लिहिलेलं जुनं पत्र परत वाचायला लावलं, तुळसा तुझ्या हातातून खाते ते. ऐकताना हसत होता. शेजारच्याला म्हणाला, ‘माझा पोर देवमाशाला घास भरवतो.’ तिसऱ्या दिवशी गेला.

बाने तुला कधीच मोकळं केलेलं. राग माझा एकटीचा होता आणि तो मी त्याच्या नावावर चालवला. तिचं पिल्लू जगलं नाही हे कळलं तेव्हासुद्धा मला वाईट वाटलं नाही. आज वाटतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, लहानपणापासून तुझा स्वभाव तसाच. तुला हवा तितका वेळ रागाव. फक्त तुळसाची बादली बघत जा, रोज, स्वतः.

मालू


कल्याण
सोमवार, ३० नोव्हेंबर १९८७

चंदू,

साडेतीन महिने झाले. तुझं पत्र नाही. येणार नाही हे मी धरून चाललेली, पण आयला ते कोण सांगणार.

ती दर सोमवारी पिठाचा डबा उचलून दाखवते. दिवाळीत तिचं तोंड इतकं उतरलं की मी एक पाप केलं. बाजारातला कोरा कागद घडी करून नेला आणि वाचला. ‘आयला नमस्कार. मी बरा आहे. कानाला बांधतो. तुळसा रोज सत्तर किलो खाते, तिची कांती सुधारलीय.’ आय ऐकत होती. मग म्हणाली, ‘पुन्हा वाच.’ आता कोऱ्या कागदावर पुन्हा तेच कसं वाचायचं? मी कानाचं विसरले आणि वजन ऐंशी सांगितलं. तिने कागद मागून घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि डब्याखाली ठेवला. तिला वाचता येत नाही, पण कोरा कागद कळतो.

निघताना दारात म्हणाली, ‘मालू, तू काय केलंस?’ मी सांगितलं तिला. सगळं. तिने शिव्या दिल्या नाहीत. फोटोतल्या बादलीवर बोट ठेवून विचारलं, ‘ही?’ म्हटलं, ‘ही.’ तिने चष्मा लावून जवळ नेऊन बघितलं. पन्नास वर्षं मासळी विकलेली बाई ती. म्हणाली, ‘मी देवमाशाकडं बघत होते गं.’ आणि बसली.

तुला उत्तराची जबरदस्ती नाही. तुळसा जेवते का, एवढं एका ओळीत आयला कळव. कोऱ्या कागदांची माझ्यात हिंमत उरली नाही.

मालू


ठाणे, चेंदणी
सोमवार, २२ फेब्रुवारी १९८८

चंद्या,

आयच्या उंबऱ्यावर बसून लिहितेय. तुझं पाकीट शुक्रवारी आलं. ह्या वेळी आयने डब्याखाली ठेवलं नाही, कमरेला खोचून बसलेली.

फोडलं. पत्र नाही. मी पाकीट झटकलं, आत बोट घालून बघितलं. नुसता फोटो. त्यात तू नाहीस, तुळसाही नाही. फक्त बादली. काठोकाठ मासळी, आणि एक उघडा हात, हातमोजा नसलेला, अंगठ्याने एका मासळीचा कल्ला वर उचलून धरलेला. तुझाच हात. लहानपणी होडीचा दोर कापला तो व्रण दिसतो. पाठीवर दोनच शब्द, ‘बाय, बघ.’

मला पाच मिनिटं काही दिसलं नाही. आय ओरडली, ‘पोराचं काय झालं? बोल की गं.’ म्हटलं, ‘काही नाही झालं. मासळी दाखवतोय.’

तिने फोटो माझ्या हातातून ओढला. दाराच्या उजेडात धरला, लांब, मग जवळ. तुझ्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग आत गेली. मला वाटलं देव्हाऱ्यात ठेवणार. ठेवला, पण तुळसाच्या फोटोपुढे, थेट तिच्या तोंडाशी, ताट वाढल्यासारखा. जुनी बादली झाकली गेली त्याने. कुंकू लावलं नाही. म्हणाली, ‘जेवणाला कुंकू कशाला.’

आता बाहेर येऊन माझ्या शेजारी टेकलीय आणि विचारते, ‘काय लिवतेस त्याला?’

मागे तिने हेच विचारलं तेव्हा मी काय लिहिलं ते तुला ठाऊक आहे. म्हणून आत जाऊन फोटो परत आणला आणि नीट बघितला, एकेक मासळी, गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखी. तू उचललेला कल्ला लाल आहे. डोळे वर आहेत. खवल्यांवर पाणी आहे. डाव्या अंगाला काठाजवळून तिसरी आहे, तिचं पोट मऊ पडलंय, ती काढून टाक.

बाकी ताजी आहे. भरव तिला.

तुझी बाय